वायर काढली

४ ऑगस्ट, सोमवार

आज देव पावला. रविराज माझ्या हाताखाली आला.

हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून ही डायरी काढली. कंपनीने जानेवारीत दिली होती. बायको, आशा, आजवर तिच्यावर गरम पातेलं ठेवत होती, त्यामुळे पुठ्ठ्यावर काळं वर्तुळ उमटलंय. असू दे. आत लिहायचंय तेही काही फार उजळ नाही.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि दुरुस्त करते. मी मेकॅनिक होतो. गेली सहा वर्षं नाशिक रोडच्या ऑफिसात खुर्चीवर आहे, कारण डावा पाय गुडघ्याखाली नाही. "लिफ्ट बंद पडली हो" असे लोकांचे फोन घ्यायचे आणि "माणूस निघालाय" म्हणून सांगायचं, हे काम. माणूस बहुतेक वेळा निघालेला नसायचा.

आता हेल्मेटं आली आहेत. कपाळाच्या जागी बारीक कॅमेरा, कानाशी स्पीकर. मेकॅनिक जे बघतो ते मला इथे पडद्यावर दिसतं आणि मी बोलतो ते त्याच्या कानात जातं. दोन वर्षांपूर्वी हाच खेळ जुन्या नेटवर्कवर करून पाहिला होता. चित्र अडकायचं. मी "तो नट नको" म्हणेपर्यंत नट काढून झालेला असायचा आणि समोरचा विचारायचा, कोणता नट? आता फाइव्ह-जीवर माणसाच्या नखातलं ग्रीस दिसतं.

नव्या लिफ्टना गच्चीवर मशीनची खोली नसते, सगळं शाफ्टमध्येच. जुन्या मेकॅनिकना त्या पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागणार. पुण्याच्या ट्रेनिंगला मला पाठवलं होतं, कारण खुर्चीवरचा माणूस मोकळाच असतो. आज आमचे सर्व्हिस मॅनेजर मुस्तकीमभाई म्हणाले, "मल्हारीभाऊ, एकेकाला पंधरा दिवस पुण्याला धाडायला माझ्याकडे माणसं कुठेत? काम करता करता शिकू द्या. तुम्ही इथनं बोला, ते तिथे करतील. आणि रविराजकडे जरा जास्त बघा. दिवाळीला त्याला सुपरवायझर करायचाय. तुमचा शेरा चांगला आला की झालं."

माझा शेरा! मी "बघतो ना" म्हणालो. चेहरा सरळ ठेवायला फार त्रास पडला.

७ ऑगस्ट, गुरुवार

कोणी ही डायरी वाचणार नाही, तरी एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. म्हणजे पुढे माझंच मन पातळ झालं तर मागचं पान उघडता येईल.

२०१९. देवळाली कॅम्पच्या रस्त्यावरची पाच मजली इमारत. मी खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो, रविराज वर मशीनच्या खोलीत. खड्ड्यात लाल बटण असतं. ते दाबलं की वरच्याने डोकं आपटलं तरी लिफ्ट हलत नाही. मी दाबलं होतं. त्याचा खटका मला आजही ऐकू येतो.

वर त्याला लिफ्ट हलवून बघायची होती. ती हलेना, कारण मी बटण दाबलेलं. त्याला वाटलं, बिघाड. खाली आवाज देऊन विचारायचं सोडून त्याने पॅनेलमध्ये वायरचा तुकडा जोडला. असा तुकडा जोडला की लिफ्टची फसगत होते, तिला वाटतं सगळं ठीक आहे. लिफ्ट खाली आली. माझा पाय तिथे होता.

चौकशीत त्याने सांगितलं, "मल्हारीनं बटण दाबलंच नव्हतं." मला बाहेर काढताना बटण कोणीतरी सोडवलेलं, आणि पॅनेल उघडून पाहिलं तर आत वायर नाही. असेल कशी? बटण दाबलेलं असताना लिफ्ट हलायला दुसरा मार्गच नाही; याने ती काढून खिशात घातली असणार. मी दवाखान्यात बेशुद्ध. शुद्धीवर आलो तोवर दोष माझ्या नावावर लागून मोकळा झाला होता. खुर्ची मिळाली तीही दया म्हणून. सहा वर्षं ऑफिसातली पोरं नव्या माणसाला माझी गोष्ट सांगतात: बटण दाबायला विसरू नका, नाहीतर मल्हारीभाऊंसारखं होईल.

रविराजला मी कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता आणि मी त्याचा गळा धरला असता. आता गळा धरायची गरज नाही. कान हातात आलाय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पूजा नावाची नवी मुलगी आहे, आयटीआय झालेली, देवळ्याला कांद्याच्या गोदामातल्या मालाच्या लिफ्टवर गेली होती. ब्रेक कधी सोडवलेला नाही. पूर्वी असतं तर दोन महिने कोणाच्या तरी मागे पाने उचलत हिंडली असती. आज मी इथून म्हणालो, "डावीकडचा नट, अर्धा फेरा. थांब. बोट काढ." तिने बोट काढलं तसं मला दिसलं, त्याच क्षणी. दुपारपर्यंत ब्रेक बसला. ती म्हणाली, "सर, तुम्ही मागे उभे असल्यासारखं वाटलं." मी खुर्चीवरून उठून चहा आणायला गेलो. उगीचच गेलो, चहा टेबलावर होता.

पण मूळ गोष्ट ती नाही. आज रविराजची पहिली शिकवणी झाली.

मी एक नियम काढला. पुण्यात असा काही शिकवलेला नाही, माझ्या डोक्यातला आहे. तपासणीसाठी कुठेही वायर जोडली की मोठ्याने म्हणायचं, "वायर लावली." काढली की म्हणायचं, "वायर काढली." नवी पोरं आपापल्या हेल्मेटातून ऐकत असतात, त्यांच्यासमोर. सगळ्यांना लागू, पण केला कोणासाठी ते मला माहीत.

पहिल्यांदा तो पुटपुटला. मी म्हणालो, "ऐकू आलं नाही. पुन्हा." दुसऱ्यांदा म्हणाला. मी म्हणालो, "अजून मोठ्याने, रविराज. शाळेत म्हणायचास तसं." पोरं हसली. तो मोठ्याने म्हणाला, "वायर काढली." आवाज मध्येच कुठेतरी बसला. घसा खराब असेल. तंबाखू खातो.

आज जेवण गोड लागलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

या माणसाच्या हातांचा मला आता कंटाळा यायला हवा होता. चेहरा दिसत नाही, कॅमेरा कपाळावर; दिसतात ते हात. उजव्या अंगठ्यावर जुना कापल्याचा व्रण. पाना धरतो तेव्हा करंगळी बाहेर. खड्ड्यात उतरायची वेळ आली की हात थरथरतात. आज स्पष्ट दिसलं. शिडीची पायरी दोनदा सुटली. प्यायला लागलाय की काय, कोण जाणे. शेऱ्यात लिहायला हे बरं आहे.

आणखी एक. खड्ड्यात तो दुसऱ्या कोणाला उतरू देत नाही. बरोबर पूजा होती, तिने पाय टाकला तर म्हणाला, "तू वर थांब गं, मी जातो." सगळं काम आपणच केलं असं दाखवायचा हावरटपणा, दुसरं काय! मी त्याला लाल बटण तीनदा दाबायला लावलं. खटका ऐकवायला लावला. त्याने कॅमेरा बटणाच्या इतका जवळ नेला की पडदा सगळा लाल झाला. "दिसलं का?" विचारतो. मला विचारतो!

रात्री आशाला हे सगळं सांगत होतो. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "अहो, लग्नाला वीस वर्षं झाली. माझ्या कोणत्या हाताला भाजल्याचा डाग आहे, सांगा बरं."

मी अंदाजाने उजवा सांगितला. मेथी तशीच टाकून उठली.

११ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी घरी आलो तर दारात कांद्याची गोणी. रविराजचा भाऊ गावाहून, देवळ्याकडून आला होता, टाकून गेला. "दादानं पाठवलेत" म्हणाला आणि चहाही न घेता गेला.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कांदे! पाय नेला आणि कांदे पाठवतो. शेरा चांगला लिहावा म्हणून ही लाच, एवढं न कळायला मी दूधखुळा नाही. गोणी परत पाठवायची म्हणून फोन हातात घेतला, तर आशाने तोवर चार कांदे चिरून पिठलं टाकलेलं.

"गोणी उघडलीस?"

"उन्हाळी कांदा आहे. सुका, घट्ट. बाजारात असा मिळत नाही."

"तो कोणाचा आहे, कळतंय का तुला?"

"कांदा शेतातला असतो," ती म्हणाली. "आणि मागच्या वर्षीही पाठवला होता. आणि त्याच्या मागच्या. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही जेवला नसता."

म्हणजे मी वर्षानुवर्षं त्याचे कांदे खातोय! रागाच्या भरात दोन भाकरी जास्त गेल्या.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले. आज मुस्तकीमभाईंनी सगळ्यांची चाचणी घेतली. पहिला कोण आला? रविराज. पूजा दुसरी. मुस्तकीमभाई मला मिठी मारायचेच बाकी होते. "मल्हारीभाऊ, वीस वर्षांचा घोडा तुम्ही नव्यानं तयार केलात!"

मी केला? मी तर त्याच्या चुका धरायला बसलो होतो. आता लक्षात येतंय काय घोटाळा झाला तो. त्याचा हात चुकीच्या स्क्रूकडे वळला की माझ्या तोंडून "तो नाही" आधी निघतं, त्याला अडकवायचं नंतर आठवतं. महिनाभर रोज टपून बसलो आणि त्याची एक चूक पुरी होऊ दिली नाही. जुनं नेटवर्क असतं तर बरं झालं असतं. माझा शहाणपणा पोहोचेपर्यंत त्याने काहीतरी मोडून ठेवलं असतं.

तेव्हा आता ठरवलं. पुढच्या वेळी तो चुकला की मी गप्प बसायचं. बोंब मारायची नाही, खोटं सांगायचं नाही, फक्त गप्प. कोणी विचारलं तर म्हणायचं, नेटवर्क गेलं होतं. या शहरात हे कारण आजवर कोणी खोटं ठरवलेलं नाही.

एकच चूक हवी आहे. मोठी, सगळ्यांना दिसेल अशी. मग दिवाळीला कोण सुपरवायझर होतो ते बघू. शेरा अजून लिहिलेला नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. ऑफिसात हत्यारांची पूजा. पाने, पक्कडी, मीटर, दोऱ्या, सगळं धुऊन पुसून सतरंजीवर मांडलं. लाल रिबिनीच्या वायरी मी स्वतः भोवती गोल लावल्या. या वायरी मीच करून घेतल्यात, हातभर लांब रिबीन लटकते, म्हणजे पॅनेलचं दार लावताना ती बाहेर राहते आणि माणूस विसरूच शकत नाही. झेंडूच्या माळांत छान दिसत होत्या.

आमच्याकडे पद्धत अशी, की पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत कोणी उचलत नाही. अगदी मुस्तकीमभाईही पाळतात. कोणाचा फोन आला तर जुन्या पेटीतलं मोडकंतोडकं घेऊन जायचं. हेल्मेटांवरून वाद झाला, ती पूजेत धरायची की नाही. मुस्तकीमभाईंनी निकाल दिला, "ती टोपी आहे. टोपी हत्यार नाही. उद्या इमर्जन्सी आली तर लागेल." तरी पोरांनी हेल्मेटं मांडलीच आणि मी सगळ्यांना कुंकू लावलं. रविराजच्या हेल्मेटला जरा जास्त लागलं, कॅमेऱ्याच्या काचेवरच. पुसलं नाही. पुसेल तो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

घडलं. सगळं जसं घडलं तसं लिहितो, माझी बाजू सावरत बसत नाही.

पाथर्डी फाट्याला आठ मजली नवी इमारत. आज तिथे घराघरात वास्तुशांत, गृहप्रवेश, आणि सकाळी लिफ्ट बंद. इमर्जन्सीला रविराजची पाळी. तो हेल्मेट घेऊन गेला, हत्यारांना हात न लावता जुनी पेटी घेऊन. मी ऑफिसात एकटा, झेंडूच्या वासात.

त्याची लाइन लागली तर अर्धा पडदा लाल. म्हणाला, "काय लावलंस रं हे?" अंगठ्याने पुसलं तर आणखी पसरलं. पण उरलेल्या अर्ध्यात सगळं लख्ख दिसत होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं कुलूप बिघडलं होतं. दाराचं कुलूप लागल्याचं पॅनेलला कळलं तरच लिफ्ट हलते. तेव्हा तपासणीपुरती वायर जोडून पॅनेलला फसवायचं, बिघाड काढायचा आणि वायर काढायची. ती आत राहिली तर दार उघडं असतानाही लिफ्ट चालू लागते. माणूस आत पाय टाकतोय आणि लिफ्ट निघाली, असंही होऊ शकतं.

वरच्या मजल्यावर पॅनेल उघडून त्याने पेटीत हात घातला. रिबिनीची वायर नाही, ती पूजेत. त्याने एक निळा तुकडा काढला आणि जोडला. आत बाकीच्याही वायरी निळ्याच. "वायर लावली," म्हणाला, मोठ्याने, मी शिकवलं तसं.

कुलूप त्याने झकास दुरुस्त केलं. एक शब्द मला बोलावा लागला नाही. खाली लोक घाई करत होते. एक बाई पूजेची परात, नारळ, नवी झाडणी असं सगळं घेऊन तिसऱ्या मजल्याच्या दाराशीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "दादा, मुहूर्त चाललाय हो, भटजी खोळंबलेत." तो "झालंच मावशी" म्हणत धावत वर गेला आणि पॅनेलचं दार लावायला लागला.

निळी वायर आत होती. मला दिसत होती. कुंकू त्या बाजूला नव्हतं.

दार बंद झालं. त्याचा हात चालू करायच्या बटणावर गेला. "मल्हारी, घेऊ का चालू?"

मी गप्प बसलो.

"मल्हारी? आवाज येतोय का?"

पडद्यावर वर हिरवा दिवा होता, नेटवर्कच्या सगळ्या काड्या उभ्या. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी मनात म्हणत होतो, दाब. चाचणीची एक फेरी रिकामीच होते, कोणाला काही लागणार नाही, पण त्यात दार मुद्दाम उघडून बघायचं असतं, तेव्हाही लिफ्ट हलेल, सगळं रेकॉर्डवर येईल आणि हा संपेल. त्या परातवाल्या मावशी दाराशीच उभ्या आहेत हे मला माहीत होतं. ते मी मनात येऊ दिलं नाही. नाही, खोटं कशाला लिहू. आलं होतं. तरी गप्प बसलो.

"मल्हारी!" तिसऱ्यांदा.

मग त्याने स्वतःशीच म्हणायला सुरुवात केली, शाळेतल्यासारखं, मी दीड महिना छळून पाठ करून घेतलेलं. "खड्डा रिकामा. दारं बंद. वायर..."

थांबला. बटणावरचा हात उचलला, दार उघडलं, तुकडा ओढून काढला. तुकडा त्याने कॅमेऱ्यासमोर धरला.

"वायर काढली," म्हणाला.

आणि मग हेल्मेट काढून समोर फिरवलं. पडद्यावर पहिल्यांदाच मला त्याचा चेहरा दिसला. अर्धा लाल, काचेवरच्या कुंकवातून. म्हातारा झालाय. त्याच्या चष्म्यात हेल्मेटचा हिरवा दिवा दिसत होता. लाइन असली की तो दिवा त्याच्याही बाजूला लागतो, हे मीच त्याला शिकवलंय.

तो दिव्याकडे बघत राहिला. हेल्मेट घातलं, लिफ्ट चालू केली, एक फेरी रिकामी मारून पाहिली आणि मग मावशींना आत बोलावलं. मी खुर्चीवर बसलो होतो आणि नसलेला पाय दुखत होता.

संध्याकाळी आशा म्हणाली, "सोनं घ्या." आपट्याची पानं हातात घेतली आणि तिच्याकडे बघवलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

मशीन सगळं रेकॉर्ड करतं. शिकणाऱ्याने तीनदा विचारलं आणि शिकवणाऱ्याने उत्तर दिलं नाही, की आपोआप मॅनेजरकडे जातं. मुस्तकीमभाईंनी दोघांना बोलावलं. रेकॉर्डिंग लावलं. "मल्हारी? आवाज येतोय का?" पुढे शांतता. खोलीत पंख्याचा आवाज.

मी तयार होतो. खरं सांगायचं तर मला वाटलं, आता हा बोलणार, आणि मला त्याचा आनंदच झाला असता. म्हणजे भांडण उघडं झालं असतं. मीही मग २०१९ काढलं असतं.

रविराज म्हणाला, "भाई, नेटवर्क गेलं व्हतं. नव्या बिल्डिंगा, नेटवर्क नाय भेटत नीट."

"इथे तर फुल दाखवतंय, मियाँ."

"दाखवतंय. दाखवायला काय जातंय. मला लय खरखर व्हती. आन् कुंकवानं त्याला दिसत पण नव्हतं काही." मग थोडं थांबून, "चूक माझी हाय. रिबिनीची वायर पूजेत म्हणून मी साधी लावली. रिबीन असती तर विसरलो नसतो."

मुस्तकीमभाईंनी पडद्यावरच्या हिरव्या दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मल्हारीभाऊ, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "गेलं होतं नेटवर्क."

त्यांनी ते लिहून घेतलं. बिनरिबिनीची वायर वापरल्याबद्दल रविराजची सुपरवायझरकी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबली. म्हणजे मला हवं होतं ते झालं. जसं हवं होतं अगदी तसंच झालं.

पुढचं आज लिहिता येत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारचं अर्धं राहिलं होतं.

खोलीतून बाहेर पडल्यावर तो हेल्मेट टेबलावर ठेवून खाली चहाला गेला. मी जिना उतरायला वेळ लावतो. उतरेपर्यंत त्याने माझाही चहा सांगून ठेवला होता, बिनसाखरेचा. मी साखर सोडल्याचं याला कोणी सांगितलं, कोण जाणे.

"खोटं का बोललास?" मी विचारलं.

"एकदा तुझ्याविरुद्ध बोललो व्हतो," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा तुझ्या बाजूनं."

तो कपाकडे बघत होता.

"तुझा पाय आधी बघितला मी. मग वर जाऊन वायर काढली. खिशात घातली. आधी पाय बघितला, मल्हारी, आन् तरी काढली. घरी लहान पोरं, नोकरी जाईल, पोलीस येतील, काय काय आलं डोक्यात. नंतर लयदा ठरवलं सांगायचं. तोंडातून निघंना. तू ते रोज म्हणायला लावायचास ना, वाटायचं, याला ठावं हाय. बरं वाटायचं म्हणून मोठ्यानं म्हणायचो."

सहा वर्षं मी या बोलण्याची वाट पाहिली. ते कुठे, कोणासमोर ऐकायचं याची चित्रं रंगवली. सगळ्या पोरांसमोर, मुस्तकीमभाईंसमोर, रेकॉर्डवर. आणि मिळालं ते चहाच्या टपरीवर, हेल्मेट वर टेबलावर असताना. पोहे मागणाऱ्या एका रिक्षावाल्याशिवाय साक्षीला कोणी नाही.

"परवा तू गप्प व्हतास," तो म्हणाला. "दिवा हिरवा व्हता."

"हो."

"बाई उभी व्हती तिथं."

"हो."

"मंग झालं तर," म्हणाला आणि कप खाली ठेवला.

झालं म्हणे! काय झालं? मी लाल बटण दाबलं होतं, पाय माझा गेला, दोष माझ्या नावावर आला, आणि परवापर्यंत मी एक अन्याय झालेला माणूस होतो. आता मुस्तकीमभाईंच्या कागदावर माझंही खोटं आहे, त्याच्या खोट्याला चिकटून. ओरडावं तर कोणत्या तोंडाने ओरडू? आशाला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्या बाईंना काही झालं असतं तर?" आणि आत गेली. तिच्या डाव्या हाताला भाजल्याचा डाग आहे. मनगटाच्या वर. बघून घेतला.

पाय गेला तेव्हा निदान भांडण तरी माझं होतं. पाय नसलेल्या जागी तेच धरून मी सहा वर्षं उभा होतो. तेही त्याने नेलं, चहा पिता पिता. पायाचं एक वेळ बघता आलं असतं. हे मात्र मी त्याला कधीच माफ करणार नाही.

आज सकाळी त्याची शिकवणी होती. काच स्वच्छ पुसलेली. तेच हात, तीच बाहेर काढलेली करंगळी. काम झालं. रिबिनीची वायर ओढून त्याने समोर धरली.

"वायर काढली," तो म्हणाला. आणि पुढे विचारलं, "ऐकू आलं का, मल्हारी?"

"आलं," मी म्हणालो. लगेच म्हणालो.